ज्याने गाडीला ‘सेल्फ’ दिला, त्यानेच पेट्रोलमध्ये शिसं आणलं

जुनी प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारून बघा, पावसाळ्यात गाडीचा सगळ्यात मोठा वैताग कुठला? आधी गंज सांगेल, मग वायपर सांगेल, पण फिरून फिरून तो एका शब्दावर येणारच. पॉइंट.

गॅरेजमध्ये याला सीबी पॉइंट म्हणतात, कुणी नुसतंच प्लॅटिनम म्हणतं. डिस्ट्रिब्युटरचं काळं झाकण काढलं की आत दोन बारीक धातूची टोकं दिसतात. इंजिन फिरतं तशी ही टोकं एकमेकांना चिकटतात आणि सुटतात. त्यांच्यावर काजळी धरली, ओल बसली किंवा मधली फट जरा इकडेतिकडे झाली की गाडी मिसिंग मारायला लागते. मग पॉलिश पेपरने घासा, फीलर गेज घालून गॅप लावा, पुन्हा सेल्फ मारा. काही हजार किलोमीटरनंतर परत तेच.

म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन हल्ली एक उपाय करतात. पॉइंट काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवायचं. झाकण तेच, कॉइल बहुतेक वेळा तीच, बाहेरून बघणाऱ्याला फरकही कळत नाही.

गंमत अशी आहे की ज्या माणसामुळे हे पॉइंट जगभरच्या गाड्यांत पोहोचले, तोच माणूस ‘सेल्फ’सुद्धा देऊन गेला. आणि तोच पेट्रोलमध्ये शिसंही आणून गेला. त्याचं नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल नावाचं गाव आहे, त्याच्या जवळच्या शेतावर तो वाढला. शेतकऱ्याचं पोरगं, डोक्याने हुशार, पण डोळ्यांनी अधू. थोडा वेळ वाचलं की डोकं ठणकायला लागायचं. शिक्षण संपल्यावर तो आधी शाळेत मास्तर झाला. मग कॉलेजात गेला, पण डोळ्यांमुळे मध्येच सोडून यावं लागलं.

घरी बसून राहण्यापेक्षा त्याने टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत काम धरलं. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे. उघड्यावरच्या या कामात डोळ्यांना आराम मिळाला आणि विजेचा नादही लागला. थोड्याच दिवसांत तो टोळीचा मुकादम झाला. त्यानंतर तो पुन्हा ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत गेला. तिथे खोलीतले मित्र त्याला पुस्तकं वाचून दाखवायचे आणि हा ऐकून अभ्यास करायचा. असं करत करत १९०४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला.

पहिली नोकरी लागली डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत. दुकानाच्या गल्ल्यावर ठेवायची, हिशेब करणारी यंत्रं ही कंपनी बनवायची. तेव्हा गल्ला उघडायला बाजूचा दांडा हाताने फिरवावा लागायचा. तो विजेवर चालला पाहिजे, असं कंपनीचं म्हणणं होतं. अडचण एवढीच होती की एवढा जोर लावणारी मोटर बनवायची तर ती यंत्रापेक्षा मोठी होईल, असं हिशेब सांगत होता.

केटरिंगने हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला. गल्ल्याची मोटर दिवसभर कुठे फिरणार आहे? गिऱ्हाइकामागे एखादा क्षण. मग तिला क्षणभर तिच्या कुवतीबाहेर राबवायचं आणि लगेच थांबवायचं. तापायच्या आत काम झालेलं असेल. १९०६ च्या सुमारास विजेवरचा गल्ला तयार झाला. ही क्लृप्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच कंपनीत त्याला एडवर्ड डीड्स भेटला. डीड्स हा केटरिंगचा वरिष्ठ आणि मोटारींचा वेडा. १९०८ मध्ये डीड्सच्या घरामागच्या कोठारात यांचा उद्योग सुरू झाला. दिवसा कंपनीची नोकरी, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोठार. कंपनीतले आणखी काही जण हळूहळू सामील झाले आणि या टोळक्याला नावच पडलं, ‘बार्न गँग’. बार्न म्हणजे कोठार.

हातात घेतलेलं पहिलं काम होतं इग्निशन.

आता हा प्रकार नेमका काय असतो? पेट्रोल इंजिनात सिलेंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण भरलं जातं, पिस्टन ते दाबतो आणि अचूक त्या क्षणी प्लगमधून ठिणगी पडावी लागते. ठिणगी लवकर पडली तरी वांधे, उशिरा पडली तरी वांधे. त्यात ही ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात, आणि बॅटरी असते सहा किंवा बारा व्होल्टची.

त्या काळी यावर दोन इलाज होते. एक म्हणजे मॅग्नेटो, स्वतःच वीज तयार करणारं यंत्र. ते भरवशाचं होतं, पण महाग. शिवाय हाताने हँडल मारताना इंजिन हळू फिरायचं, तेव्हा त्याची ठिणगी दुबळी पडायची. दुसरा इलाज म्हणजे कोरड्या बॅटऱ्या आणि थरथरणारी कॉइल. यात एका ठिणगीची गरज असताना ठिणग्यांची रांगच सुटायची, आणि बॅटरी बघता बघता संपायची.

केटरिंगने विचार केला की गरज एका ठिणगीची आहे तर एकच पाडू. पण ती दणकट पाडू. म्हणजे बॅटरीही टिकेल.

याच कामातून पुढच्या काही वर्षांत जी पद्धत घडली, तिला इंजिनिअर लोक आजही केटरिंग इग्निशन म्हणतात. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं आणि कमी वेढ्यांचं, दुसरं बारीक तारेचं आणि हजारो वेढ्यांचं. पॉइंट चिकटलेले असतात तोवर बॅटरीची वीज जाड वेटोळ्यातून वाहते आणि कॉइलमध्ये चुंबकत्व साठतं. फिरणारा कॅम पॉइंट उघडतो आणि वीज एकदम तुटते. साठलेलं चुंबकत्व कोसळतं आणि त्या झटक्यात बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. डिस्ट्रिब्युटर ते ज्या सिलेंडरची पाळी असेल त्याच्या प्लगकडे पाठवतो. पॉइंट सुटताना त्यांच्यातच ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी एक कंडेन्सर बसवलेला असतो.

वीज चालू करून नाही, तर तोडून ठिणगी पाडायची, असा हा सगळा मामला. यातला प्रत्येक तुकडा केटरिंगनेच शोधला असं नाही. कॉइल आधीपासून होती, वीज तोडून मोठा व्होल्टेज मिळवणं भौतिकशास्त्राला जुनं होतं. पण कारखान्यात हजारोंनी बनेल आणि गाडीत रोज चालेल, असं ते त्याने आणि त्याच्या टोळीने जमवलं.

हे इग्निशन कॅडिलॅक कंपनीचा प्रमुख हेन्री लेलँड याला दाखवलं गेलं. लेलँड म्हणजे मापाच्या बाबतीत भयंकर काटेकोर म्हातारा. त्याला ते पसंत पडलं आणि १९१० च्या मॉडेलसाठी त्याने थेट ८,००० नगांची ऑर्डर दिली. कोठारात काम करणाऱ्यांची पंचाईत झाली, कारण एवढा माल द्यायचा तर आधी कंपनी तर पाहिजे. मग १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिचं नाव झालं, डेल्को. हे नाव पुढे इतकं पसरलं की स्पॅनिश भाषेत डिस्ट्रिब्युटरला आजही ‘डेल्को’च म्हणतात. इराणमध्येही तेच.

पण केटरिंगचं नाव घरोघरी पोहोचलं ते पुढच्या कामामुळे.

तेव्हा गाडी सुरू करायची म्हणजे समोर जाऊन हँडल मारायचं. आपल्याकडे जुन्या ट्रकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल हातातून सुटून उलटं फिरायचं. मनगट मोडायचं, जबडा मोडायचा. बायरन कार्टर नावाचा एक मोटार उत्पादक होता, लेलँडच्या ओळखीचा. रस्त्यात बंद पडलेली एका बाईची गाडी सुरू करून द्यायला तो थांबला, हँडल उलटलं, जखमी झाला आणि त्या दुखण्यातच गेला. ती गाडी कॅडिलॅक होती, म्हणून लेलँड हळहळला आणि हे हँडल संपवायचंच असं त्याने ठरवलं, अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट बऱ्याचदा १९१० च्या हिवाळ्यातली म्हणून रंगवली जाते, पण कार्टर गेला १९०८ मध्ये. त्यामुळे तिला थोडं मीठ लावूनच घ्यावं. हँडलमुळे माणसं जायबंदी होत होती, हे मात्र शंभर टक्के खरं.

लेलँडने काम केटरिंगकडे दिलं. जाणकारांनी इथेही तेच सांगितलं की इंजिन फिरवायचं तर मोटर जवळपास इंजिनाएवढीच लागेल. केटरिंगने पुन्हा गल्लाच आठवला. इंजिन सुरू व्हायला काही सेकंद पुरतात, तेवढ्यापुरतं छोट्या मोटरला मरणाचं राबवायचं.

त्याहून हुशारी पुढे होती. इंजिन एकदा सुरू झालं की तीच मोटर उलट्या कामाला लागायची. इंजिन तिला फिरवायचं आणि ती बॅटरी चार्ज करायची. सुरू करताना २४ व्होल्ट, चार्जिंगला सहा. म्हणजे एकाच झटक्यात सेल्फ मिळाला, विजेचे दिवे मिळाले आणि इग्निशनला कधी न संपणारी बॅटरी मिळाली. फेब्रुवारी १९११ मध्ये हा स्टार्टर कॅडिलॅकला बसवून दिला गेला आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये तो बाजारात आला. आज आपण ‘सेल्फ मारला’ म्हणतो, तो शब्द या सेल्फ स्टार्टरचाच.

याचे परिणाम गाडीपुरते राहिले नाहीत. हँडल मारायला ताकद लागायची म्हणून गाडीपासून लांब राहिलेले कितीतरी लोक, विशेषतः बायका, आता स्वतः गाडी सुरू करू शकत होत्या. आणि तेव्हाच्या इलेक्ट्रिक कारचा सगळ्यात मोठा फायदा हाच होता की त्यांना हँडल मारावं लागत नाही. तो फायदाच केटरिंगने काढून घेतला. इलेक्ट्रिक गाड्या मागे पडण्यात विजेच्या मोटरचाच हात होता, असं म्हणायला हरकत नाही.

१९१६ मध्ये डेल्को विकली गेली आणि थोड्याच काळात जनरल मोटर्सच्या पोटात आली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. हाताखालचे लोक त्याला ‘बॉस केट’ म्हणायचे. नावावर शंभराहून जास्त पेटंट. शेतावर वीज देणारा डेल्को-लाइट हा जनरेटर त्याचा, आणि त्याच्या आईबापाच्या शेतासारखी हजारो अंधारी घरं त्याने उजळली. गाडीचा रंग वाळायला लागणारा वेळ आठवड्यांवरून तासांवर आला, त्यात त्याचा वाटा. आगगाड्यांसाठीचं हलकं डिझेल इंजिन त्याच्या विभागाचं. पहिल्या महायुद्धात तर त्याने बिनपायलटचं, स्फोटकं घेऊन जाणारं विमान बनवलं होतं, त्याला लोक ‘केटरिंग बग’ म्हणतात.

सगळंच जमलं असं नाही. रेडिएटर आणि पाणी दोन्ही काढून टाकायचं, तांब्याच्या पट्ट्या लावून इंजिन हवेवरच थंड ठेवायचं, असा एक प्रकल्प त्याने हट्टाने रेटला. १९२३ मध्ये शेवरलेने अशा ७५९ गाड्या बनवल्या. इंजिनं इतकी तापली की कंपनीला सगळ्या परत बोलवाव्या लागल्या. केटरिंग राजीनामा द्यायला निघाला होता, पण कंपनीचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याने त्याला जाऊ दिलं नाही.

आता शिशाची गोष्ट. तिची सुरुवात झाली त्याच इग्निशनवरून.

कॅडिलॅकमध्ये बॅटरीवरचं इग्निशन आलं, त्याच काळात इंजिनांमध्ये ठकठक ऐकू यायला लागली. चढावर गाडीवर लोड आला की आतून कुणी हातोडी मारतंय असा आवाज. याला नॉकिंग म्हणतात. मॅग्नेटो विकणाऱ्यांना आयतंच मिळालं. त्यांनी सगळं खापर केटरिंगच्या इग्निशनवर फोडलं. केटरिंगला ते सहन होणं शक्यच नव्हतं. दोष आपल्या ठिणगीचा नाही, पेट्रोलचा आहे, हे सिद्ध करायला त्याने थॉमस मिजली नावाच्या तरुण इंजिनिअरला कामाला लावलं.

केटरिंगचं बरोबर होतं. दोष पेट्रोलचाच निघाला. मिश्रण ठिणगीनंतर शांतपणे जळत जाण्याऐवजी उरलेला भाग आपोआप एकदम भडकायचा. मग पेट्रोलमध्ये काय मिसळलं तर हे थांबेल, याचा शोध सुरू झाला. मिजलीने कायकाय मिसळून पाहिलं! आयोडीन चाललं, पण महाग. ॲनिलिन चाललं, पण वास. सेलेनियम आणि टेल्युरियमचा वास तर असा होता की कपड्यांतून, अंगातून जाता जाईना.

९ डिसेंबर १९२१ ला इंजिनात टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग घालून बघितलं आणि ठकठक थांबली. प्रमाण किती, तर एका गॅलनला साधारण तीन घन सेंटिमीटर. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. त्याला नाव दिलं ‘एथिल’. शिसं या शब्दाला नावातूनच सुट्टी.

शिसं विषारी आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, अशी सारवासारव पुढे बरीच झाली. पण शिशाचं विष माणसाला रोमन काळापासून माहीत आहे. १९२२ मध्येच अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्यात यावर धोक्याचा इशारा दिला गेला होता. खुद्द मिजलीला १९२३ च्या सुरुवातीला शिशाची बाधा झाली आणि त्याला सुट्टी घेऊन फ्लोरिडाला जावं लागलं. दुसरा रस्ताही होता. अल्कोहोल मिसळलं तरी नॉकिंग थांबतं, हे केटरिंग आणि मिजली दोघांनाही ठाऊक होतं. पण अल्कोहोल खूप जास्त मिसळावं लागतं आणि त्याचं पेटंट कुणाला मिळणार? शिसं चमचाभर पुरत होतं, आणि त्यावर हक्क सांगता येत होता.

१९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी यांनी मिळून एथिल कंपनी काढली. अध्यक्ष, चार्ल्स केटरिंग.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत, जिथे हे संयुग बनत होतं, तिथले कामगार विचित्र वागायला लागले. भास व्हायला लागले, काहींना आवरायला बांधून ठेवावं लागलं. त्यातले पाच जण गेले. इतर कारखान्यांतही माणसं दगावली होती, डेटनमध्येसुद्धा. वर्तमानपत्रांनी या पेट्रोलला वेड लावणारा गॅस म्हणायला सुरुवात केली. मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव हातावर ओतून घेऊन सगळं ठीक असल्याचा देखावा केला.

मे १९२५ मध्ये सरकारने वॉशिंग्टनला परिषद बोलावली. शिसं सुरक्षित आहे की नाही यावर एका बाजूला कंपन्या, दुसऱ्या बाजूला ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या कामगारांच्या आरोग्याच्या जाणकार डॉक्टर. एथिलचं अध्यक्षपद नुकतंच गेलेला केटरिंग कंपन्यांच्या बाजूने बोलायला उभा राहिला. पेट्रोल वाचवायला हे संयुग गरजेचं आहे, ही त्याची बाजू. काही महिने विक्री बंद राहिली. सरकारच्या समितीने १९२६ च्या सुरुवातीला अहवाल दिला की बंदी घालण्याइतकं सबळ कारण दिसत नाही, पण पुढे अभ्यास चालू ठेवावा. विक्री पुन्हा सुरू झाली. अभ्यास मात्र पुढची कित्येक वर्षं या धंद्याच्याच पैशावर चालला. सिनसिनाटीमधल्या ज्या प्रयोगशाळेत तो झाला, तिचं नावसुद्धा केटरिंग लॅबोरेटरी.

कारखान्यातले मृत्यू मोजता आले, कारण ते एका जागी झाले. धुराड्यातून बाहेर पडलेलं शिसं पुढची पन्नास वर्षं रस्त्याकडेच्या मातीत, हवेत आणि लहान पोरांच्या रक्तात जात राहिलं, ते कुणी मोजलंच नव्हतं. शिसं मेंदूवर परिणाम करतं आणि सगळ्यात जास्त मुलांच्या.

शीतकपाटांसाठी फ्रीऑन वायू शोधला तोही केटरिंगच्या सांगण्यावरून मिजलीनेच, १९२८ मध्ये. आधीचे वायू विषारी होते, घरात गळती झाली की माणसं मरायची, आणि हा वायू खरोखरच माणसाला काही करत नव्हता. ओझोनला तो काय करतो हे कळायला १९७४ साल उजाडलं. इथे मात्र केटरिंगला झुकतं माप द्यावं लागतं, कारण ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. शिशाच्या बाबतीत ती सवलत देता येत नाही.

१९४५ मध्ये स्लोन आणि केटरिंग यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोगावरची संशोधन संस्था उभी राहिली. आजही ती जगातल्या नावाजलेल्या संस्थांपैकी एक आहे. पुढच्याच वर्षी केटरिंगची बायको ऑलिव्ह गेली. तो स्वतः नोव्हेंबर १९५८ मध्ये डेटनजवळच्या आपल्या घरी गेला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. ते घर ज्या भागात आहे, त्या शहराचं नाव त्याच्या हयातीतच केटरिंग ठेवलं गेलं होतं.

तो गेला तेव्हा अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीत त्याचे पॉइंट होते, त्याचा सेल्फ होता आणि टाकीत त्याचं शिसं होतं.

यातल्या दोन गोष्टी एकाच कायद्याने घालवल्या.

१९७० मध्ये अमेरिकेत हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा आला. गाडीचा धूर ५०,००० मैलांपर्यंत स्वच्छ राहिला पाहिजे, अशी अट. कंपन्यांनी १९७५ च्या मॉडेलपासून सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायला सुरुवात केली. या कन्व्हर्टरचे दोन शत्रू. पहिला शिसं, कारण शिशाचा थर बसला की तो निकामी होतो. दुसरा मिसिंग, कारण न जळलेलं पेट्रोल आत गेलं की तो तापून वितळतो. म्हणजे शिशाचं पेट्रोल चालणार नव्हतं, आणि काही हजार मैलांत झिजणारे पॉइंटही चालणार नव्हते.

पॉइंटची जागा घ्यायला ट्रान्झिस्टर तयारच होता. डेल्कोनेच १९६३ च्या पाँटियाक गाड्यांसाठी ट्रान्झिस्टरवरचं इग्निशन दिलं होतं, पण तेव्हा ते हौसेचं काम होतं. १९७३ मध्ये क्रायस्लरने आपल्या अमेरिकेतल्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं, १९७५ मध्ये जनरल मोटर्सने.

शिशाला जायला वेळ लागला. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंदी आली १९९६ मध्ये. भारतात २००० साली शिशाचं पेट्रोल गेलं. जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियाने ते थांबवलं, २०२१ मध्ये. फरक किती पडला? अमेरिकी लोकांच्या रक्तातलं शिसं १९७६ ते १९८० या काळात सरासरी दर डेसिलिटरला १२.८ मायक्रोग्रॅम होतं. १९८८ ते १९९१ च्या पाहणीत ते २.८ वर आलं.

आता परत आपल्या पद्मिनीकडे येऊ. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीत केटरिंगचीच पद्धत होती, आणि किट बसवताना नेमकं त्यातलं किती निघतं हे बघण्यासारखं आहे.

डिस्ट्रिब्युटरच्या आतले पॉइंट आणि कंडेन्सर निघतात. त्यांच्या जागी चुंबक ओळखणारा एक छोटा सेन्सर बसतो, ज्याला हॉल सेन्सर म्हणतात. कॅमवर चुंबकांची एक कडी सरकवतात. कॅम फिरला की चुंबक सेन्सरसमोरून जातात आणि सेन्सरच्या इशाऱ्यावर ट्रान्झिस्टर कॉइलची वीज तोडतो. घासणारं काहीच नाही, त्यामुळे झिजणारंही काही नाही. चार सिलेंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर पॉइंट मिनिटाला ६,००० वेळा उघडतात. तेवढीच उघडझाप ट्रान्झिस्टर करतो, पण न थकता.

बाकी सगळं केटरिंगचंच राहतं. तीच कॉइल, तेच चुंबकत्व साठवणं, वीज तोडून ठिणगी पाडण्याची तीच युक्ती. बदलतो तो फक्त बटण दाबणारा हात.

काम तासाभराचं असलं तरी चुका ठरलेल्या आहेत. किटच्या दोन तारा असतात, एक कॉइलच्या प्लसला आणि एक मायनसला. उलट्या लागल्या की ट्रान्झिस्टर तिथल्या तिथे जातो. जुन्या काही ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, त्यांना वेगळं किट लागतं. कॉइलचा रेझिस्टन्स मीटरवर मोजून घ्यायचा, किटने सांगितलेल्यापेक्षा कमी निघाला तर मॉड्यूल तापून मरतं. इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडायची नाही, कारण तेच. आणि बसवून झालं की टायमिंग लाइट लावून टायमिंग नव्याने लावायचं, पॉइंटच्या वेळचं चालेल असं गृहीत धरायचं नाही.

मुरलेले शौकीन आणखी एक काम करतात. शिशाच्या पेट्रोलवर वाढलेल्या जुन्या इंजिनाचं हेड कधी उघडलं, तर व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवून घेतात, कारण शिशाचा थर त्या सीटना झिजण्यापासून वाचवायचा आणि आता तो मिळत नाही.

राहिले काढलेले पॉइंट. ते कुणी फेकत नाही. कंडेन्सरसकट कापडात गुंडाळून, सोबत एक फीलर गेज आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवून ते डिकीत जातात. मॉड्यूल हायवेवर बंद पडलं तर ते तिथे दुरुस्त होत नाही. पॉइंट मात्र वीस मिनिटांत परत बसतात आणि गाडी घरी येते.